थिअरीचा पेपर आणि सिग्नलवरचा झपताल
शास्त्रीय गाणं येतं थोडंफार, पण परीक्षेतला थिअरीचा पेपर म्हटलं की पोटात गोळाच येतो. वाचायला वेळ कुठेय, म्हणून ताल मी नाशिकच्या द्वारका सिग्नलला पाठ करते, तिथे वेळच वेळ! झपताल 10 मात्रांचा, म्हणजे 10 ठोक्यांचा, विभाग 2-3-2-3, टाळी 1, 3, 8 वर, काल (खाली, म्हणजे जिथे टाळी द्यायची नाही) 6 वर, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना, शेजारचा रिक्षावाला बघतो, बघू दे.

खरी गंमत स्वरलिपीत, म्हणजे गाणं लिहून ठेवण्यात आहे. त्याच्या दोन पद्धती, एक भातखंड्यांची, एक पलुस्करांची. स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं तर भातखंडे पद्धतीत तार सप्तक (वरचे स्वर) आणि पलुस्कर पद्धतीत मंद्र (खालचे स्वर), म्हणजे सरळ उलटं! समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, भातखंडे × देतात, पलुस्कर 1, कालाला भातखंड्यांचं 0 तर पलुस्करांचं +. त्यामुळे माझं स्पष्ट मत, आधी एकच पद्धत पक्की करा, दुसरी नंतर. (पलुस्करांनी 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम, म्हणून मी त्यांच्या पार्टीत.)

राग नुसते घोकून काही होत नाही हो. भूप आणि देसकार, दोघांचे स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे रागांचं कुळच), वादी म्हणजे मुख्य स्वर ग, आणि देसकार बिलावलचा, वादी ध. क्लासच्या ताई म्हणतात आधी गाऊन बघ मग लिही, आणि ते पटतं, देसकारात ध वर थांबलं की लगेच कळतं हा भूप नाही. दहा थाट मात्र घोकावेच लागतात, त्याला इलाज नाही, माझे मारवा-पूर्वी अजून बाकी आहेत.