प्रोटेसिलाउसच्या टेकाडावर

ट्रॉय बघून झाल्यावर तुर्कस्तानातल्या चानाक्कालेहून फेरीबोटीने सामुद्रधुनी ओलांडली आणि गल्लिपोली द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, सेद्दुलबहिर गावाकडे निघालो. मला काराआचतेपे नावाचं टेकाड गाठायचं होतं. ट्रॉयच्या युद्धात सगळ्यात आधी मेलेल्या ग्रीकाची, थेसलीच्या प्रोटेसिलाउसची समाधी ती हीच, असं सांगतात. ट्रॉयचं उत्खनन करणाऱ्या जर्मन श्लीमानने 1882 मध्ये इथे खणलं, तेव्हा हाती लागली ती ट्रॉयच्या जुन्या थरांतल्यासारखी खापरं.

होमरच्या इलियड या महाकाव्यात या वीराच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्यात. चाळीस जहाजं घेऊन आला, सगळ्यांआधी किनाऱ्यावर उडी मारली आणि तिथेच मारला गेला. मागे गाल ओरबाडून रडणारी बायको आणि अर्धवट बांधलेलं घर. त्या अर्धवट घराने मला इथवर आणलं. काव्याच्या नायकाच्या, अकिलिसच्या सगळ्या रागापेक्षा ते मला जास्त खरं वाटतं.

टेकाडावरून खाली एलायूस या प्राचीन नगराची जागा दिसते. तिथे त्याचं देवस्थान होतं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, आर्टायक्टिस या पर्शियन सुभेदाराने ते लुटलं आणि देवाच्या जमिनीत पेरणी केली. पुढे तो अथेनियनांच्या कैदेत असताना पहारेकऱ्याने विस्तवावर ठेवलेले खारवलेले मासे ताजे असल्यासारखे तडफडू लागले. आर्टायक्टिस म्हणाला, हा इशारा माझ्यासाठी आहे; मेलेला, खारवलेला असला तरी प्रोटेसिलाउस सूड घेऊ शकतो. जिवाच्या बदल्यात त्याने दोनशे टॅलेंट (प्राचीन ग्रीक वजन-चलन) एवढी मोठी रक्कम देऊ केली, पण एलायूसच्या लोकांनी हट्ट सोडला नाही. त्याला फळीवर खिळे ठोकून मारलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाला दगडांनी. हा शेवट मला अजून पचलेला नाही.

इ.स.पू. 334 मध्ये आशियात उतरण्याआधी सिकंदरानेही इथे बळी दिला होता. आपलं उतरणं प्रोटेसिलाउसपेक्षा सुखाचं व्हावं म्हणून.

गावाखालच्या किनाऱ्यावर पहिल्या महायुद्धात, 25 एप्रिल 1915 ला 'रिव्हर क्लाइड' जहाजातून उतरणारे ब्रिटिश आणि आयरिश सैनिक मशीनगनपुढे कोसळले. जवळच्या हेलेस स्मारकावरच्या वीस हजारांहून जास्त नावांत हिंदी सैन्यातलीही नावं आहेत. आपल्याकडून जाणाऱ्यांनी ट्रॉयचा एक तास कमी करावा, पण या टोकाला अर्धा दिवस जरूर द्यावा.