काकूंचा रिपोर्ट नॉर्मल होता

त्या दिवशी आमची ब्रेथ टेस्टची (श्वासातला गॅस मोजायची तपासणी) टेक्निशियन आजारी पडली आणि नेमकी एकच टेस्ट लावलेली, तीही ज्या पेशंटची फाईल दोन महिने माझ्या डोक्यातून जात नव्हती तिची. म्हटलं कॅन्सल नको, काकू आदल्या दिवशी पथ्य पाळून, बारा तास उपाशी राहून आल्यात, मीच बसते. ओपीडी सहकाऱ्याकडे दिली आणि खुर्ची ओढून बसले.

काकू ६१ वर्षांच्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). त्रास चार वर्षांचा. सकाळी पोट बरं असायचं, दुपारनंतर नगाऱ्यासारखं टम्म, संध्याकाळी नीट श्वासही घेता यायचा नाही, आणि चार-चार दिवस पोट साफ नाही. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी सगळं होऊन सगळं नॉर्मल. "मनाला लावून घेऊ नका" हे पण ऐकून झालेलं. रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व) मात्र जास्त. हे जोडपं दिसलं की मला लहान आतड्यातल्या जंतूंचाच संशय येतो, कारण ते बी-१२ स्वतः खाऊन टाकतात आणि फोलेट तयार करतात.

म्हणजे सिबो, लहान आतड्यात नको तितके जंतू वाढणं. पण फाईलमध्ये दीड वर्षापूर्वीची दुसरीकडची ब्रेथ टेस्ट होती आणि तिच्यावर लिहिलेलं, नॉर्मल. तरी कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन पाच दिवस दिलेलं, कुणी मेट्रोनिडाझोल सात दिवस, त्याने आठवडाभर बरं वाटलं म्हणून काकूंनी तीच चिठ्ठी दाखवून आणखी चार वेळा घेतलेलं. आणि तिसरं अँटिबायोटिक मी स्वतः लिहिलं होतं, रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस. सिबोसाठी आम्ही सगळ्यात जास्त हेच लिहितो. रक्तात जवळपास जातच नाही, आतड्यातच काम करतं, साईड इफेक्ट कमी. डोस बरोबर, दिवस बरोबर. फरक पडला जेमतेम दहा दिवस. नंतर काकू परत आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता अजून एक नवीन गोळी नका देऊ, आधी मला काय झालंय ते सांगा." हे वाक्य मला फार लागलं, कारण टेस्ट न करता औषध देऊन मी मोकळी झाले होते. अँटिबायोटिकनंतर निदान चार आठवडे तरी ही टेस्ट करता येत नाही, म्हणून ती सहा आठवड्यांनी लावली, आमच्याच मशीनवर.

टेस्ट साधी आहे. चूळ भरायची, आधी एकदा फुंकायचं, मग १० ग्रॅम लॅक्टुलोज पाण्यातून प्यायचं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायचं. लॅक्टुलोज आपल्याला पचत नाही, जंतूंना पचतं, त्यातून गॅस होतो, तो रक्तात जातो आणि फुफ्फुसातून श्वासात येतो. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन २० पीपीएमने (दहा लाख भागांत २०) वर गेला की सिबो धरायचा.

काकूंनी पहिलं फुंकलं. हायड्रोजन ३, मिथेन ३१. अजून काही प्यायल्याही नव्हत्या!

मी लगेच जुना रिपोर्ट काढला. त्यात एकच कॉलम, हायड्रोजनचा. ४, ५, ४, ६, ५, तीन तास सपाट रेष. मिथेन मोजलेलाच नव्हता. आणि लॅक्टुलोज पिऊनही हायड्रोजन तीन तासांत जरासुद्धा हलत नाही हीच खरी खटकायची गोष्ट होती, मोठ्या आतड्यात पोचल्यावर तरी वाढायला हवा ना! तो वाढत होता, पण खाल्ला जात होता. मिथेन करणारे सूक्ष्मजीव, त्यातला मुख्य मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी, हायड्रोजनचे चार रेणू वापरून मिथेनचा एक बनवतात. आणि हे जंतू म्हणजे बॅक्टेरियाच नव्हेत, आर्किया, यांची पेशीभित्तिकाच वेगळी, म्हणून बॅक्टेरियावर चालणारी बरीच औषधं यांच्यावर लागू पडत नाहीत. शिवाय मिथेनने आतड्याची चाल मंदावते, म्हणजे बद्धकोष्ठही त्यातच आलं. मिथेन १० किंवा जास्त कधीही दिसला की टेस्ट पॉझिटिव्ह, काकूंचा शेवटपर्यंत २९ ते ३८ मध्ये राहिला.

पण अर्धीच गोष्ट मशीनने सांगितली, बाकीची गप्पांमध्ये निघाली. तीन तास एका खोलीत, टीव्ही नाही, खायचं नाही, चालायचं पण नाही. तासाभराने काकू "अहो डॉक्टर"वरून "अगं"वर आल्या. मग खुर्चीत कूस बदलताना कण्हल्या, मी विचारलं कंबर दुखतेय का, तर म्हणाल्या, "रोजचंच आहे गं, सकाळची गोळी आज घेतली नाही ना उपाशी म्हणून." कसली गोळी? पर्समधून अर्धी संपलेली पट्टी काढली, कोपरे दुमडलेले, मागची अक्षरं घासून गेलेली. ट्रॅमाडॉल. रोज दोन, साडेचार वर्षं. मी फाईल चाळली, कुठल्याच डॉक्टरच्या नोंदीत नाही, माझ्याही नाही. प्रत्येकाने "पोटासाठी काय घेता" विचारलं होतं आणि काकूंनी प्रत्येकाला खरं उत्तर दिलं होतं.

ट्रॅमाडॉल अफूच्या जातीतलं औषध, आतडं मंद करतं. आपण उपाशी असतो तेव्हा दर ९० ते १२० मिनिटांनी लहान आतड्यात एक लाट वरून खाली जाते, उरलंसुरलं आणि जंतू झाडून पुढे ढकलते. ही झाडलोट बंद पडली की तुम्ही कितीही अँटिबायोटिक द्या, कचरा परत साचणारच. त्यात काकूंना कुणीतरी सांगितलेलं थोडं थोडं खा, म्हणून त्या दर तासाला काहीतरी तोंडात टाकायच्या, आणि खाल्लं की ती लाट थांबते. म्हणजे जी थोडीफार झाडलोट व्हायची तीही बंद.

आता औषध कोणतं? मिथेनसाठी रिफॅक्सिमिनच्या जोडीला निओमायसिन देतात. २०१० च्या एका अभ्यासात दोन्ही मिळून ८७ टक्के पेशंटचा मिथेन गेला, एकट्या रिफॅक्सिमिनने २८ टक्के. अभ्यास लहान, जुन्या नोंदींवरचा, पण फरक डोळ्यात भरण्यासारखा. अडचण ही की निओमायसिन कानाला आणि किडनीला त्रास देऊ शकतं. त्याऐवजी मेट्रोनिडाझोल चालतं, पण काकूंच्या तळपायांना सहा महिन्यांपासून मुंग्या होत्या. सगळे म्हणत होते बी-१२ मुळे, असेलही, पण मेट्रोनिडाझोल पुन्हा पुन्हा घेतलं की नसांना इजा होते आणि यांचे पाच कोर्स झालेले. त्यामुळे ते बादच.

हे सगळं काकूंना जसंच्या तसं सांगितलं, कानाचं पण. त्या म्हणाल्या, "ऐकायला आधी तपासून घे, मग दे." त्याच दुपारी ऑडिओमेट्री करून घेतली, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, दोन्ही व्यवस्थित. मग रिफॅक्सिमिन ५५० तीनदा आणि निओमायसिन ५०० दोनदा, १४ दिवस. कानात आवाज आला, चक्कर आली किंवा पाण्यासारखे जुलाब लागले तर गोळी बंद आणि लगेच फोन. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू. हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ट्रॅमाडॉल हळूहळू कमी करायचं ठरलं, एकदम सोडलं तर अंगावर येतं, आणि फिजिओथेरपी. कोर्स संपल्यावर आतड्याची चाल वाढवायला प्रुकॅलोप्राइड आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांचं अंतर.

नवव्या दिवशी फोन आला. मी घाबरूनच उचलला. "अगं, संध्याकाळचे सात वाजलेत आणि पोट मऊ आहे." एवढंच.

कोर्सनंतर पाच आठवड्यांनी मिथेन ६. पायाच्या मुंग्या मात्र जायला फार वेळ लागला, अजून डाव्या अंगठ्यात थोड्या आहेत. आणि हा त्रास परत येतो हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. रिफॅक्सिमिनने बरे झालेल्या पेशंटच्या एका अभ्यासात नऊ महिन्यांत ४३.७ टक्के लोकांचा सिबो परतला होता. काकूंचा सातव्या महिन्यात आला. मधे एकदा पडल्या, कुणीतरी परत ट्रॅमाडॉल दिलं, तीन आठवड्यांत पोट फुगायला लागलं. यावेळी आधी टेस्ट केली, मिथेन १९, कान परत तपासले, तोच कोर्स परत दिला आणि ट्रॅमाडॉल परत सोडवलं.

मागच्या महिन्यात आल्या तेव्हा मी विचारायच्या आतच त्यांनी वहीचं पान टेबलावर ठेवलं. घेतात ती प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहिलेली, खाली गुडघ्याला लावायचं मलम आणि डोळ्यांचे ड्रॉप्ससुद्धा. "हे पोटासाठी नाहीये," म्हणाल्या, "तरी बघून घे."