कुकी-चीजकेक बार आणि चक्क्यातलं पाणी

खाली कुकी, मध्ये चीजकेक, वर पुन्हा कुकीचे तुकडे. ऐकायला सोपं, पण तिघांच्या गरजा वेगळ्या. कुकीला कोरडी, जरा चढी आच लागते, चीजकेकला मंद. शिवाय मधल्या थरातलं पाणी वाट मिळेल तिथून खाली उतरतं. बार बिघडले की दोष बहुतेक वेळा ओव्हनला दिला जातो, आणि खरं कारण त्या पाण्यात असतं. खालचा प्रत्येक आकडा त्या पाण्याला जागच्या जागी ठेवण्यासाठी आहे, म्हणून पहिल्या वेळी तरी वजनकाट्यावरच मोजा. वाटीच्या मापात मैदा दाबून भरला की वीस-तीस ग्रॅम सहज वाढतो.

ही कृती बिनअंड्याची आहे, कारण नाशिकमध्ये घरगुती बेकिंगची मागणी बरीचशी तशीच असते. अंडं घालायचं असेल तर बदल पुढे दिले आहेत. टिन आठ इंची चौकोनी, म्हणजे आतून २० सेंमी. भांडी बाजारातून घेणार असाल तर पट्टी सोबत न्या आणि बुडाचं माप आतून घ्या. वरच्या काठाचं माप घेतलं तर उतरत्या कडांचं टिन लहान पडतं. जाड ॲल्युमिनियम सगळ्यात चांगलं. पातळ स्टीलच्या डब्यात मधला थर सेट होईपर्यंत खालची कुकी कडांना करपते.

कुकीसाठी: बटर ११५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, मैदा १८० ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा, दूध २ मोठे चमचे (३० मिली), व्हॅनिला १ छोटा चमचा, डार्क चॉकलेटचे तुकडे १०० ग्रॅम, बेदाणे ६० ग्रॅम.

चीजकेकसाठी: क्रीम चीज २५० ग्रॅम, चक्का २०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम (सपाट २ मोठे चमचे), लिंबाचा रस १ छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा. वेगळी साखर नाही, कंडेन्स्ड मिल्कमध्ये पुरेशी असते.

आता चक्का. क्रीम चीज महाग, म्हणून निम्मं क्रीम चीज आणि निम्मा चक्का हा उपाय अनेकजण करतात. चवीलाही तो चांगला आहे, आपल्या जिभेला ओळखीचा आंबटपणा येतो. पण दोन्ही एक नव्हेत. अमेरिकेतल्या मानकानुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त ५५ टक्के पाणी असतं. चक्क्यात पाणी याहून बरंच जास्त. श्रीखंडाला ते चालतं, कारण श्रीखंड भाजायचं नसतं. इथे तेच पाणी तापून सुटतं आणि खालच्या कुकीत जातं.

म्हणून २०० ग्रॅम चक्क्यासाठी म्हशीच्या दुधाचं साधारण अर्धा किलो घट्ट दही घ्या. ताजंच घ्या. पातळ सुती फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये, रात्रभर. नळाला टांगून ठेवायची पद्धत थंडीत ठीक. मार्च उलटल्यावर दही टांगल्या टांगल्या आंबतं, आणि आंबट चक्का ओव्हनच्या उष्णतेत फुटून रवाळ होतो. सकाळी पुरचुंडीवर वरवंटा किंवा जड डबा तासभर ठेवा. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला आणि बोट ओलं झालं नाही, तर चक्का तयार. मग तो पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा, श्रीखंडाला काढतो तसाच. ही पायरी गाळली की मिश्रणात पांढरे दाणे राहतात, आणि ते मोडण्यासाठी बीटर जास्त फिरवला जातो. तिथून पुढची बिघाडी सुरू होते.

डेअरीतला तयार चक्का आणलात तर आधी चाखा. जिभेला झोंबत असेल तर त्याचं श्रीखंड करा, इथे वापरू नका. आणि क्रीम चीजच्या ऐवजी चीज स्प्रेड कधीही नको. डबे सारखे दिसतात, पण स्प्रेड खारट असतं, त्यात पायसीकारक क्षार असतात आणि ते भाजल्यावर रबरासारखं होतं.

बटर १८ ते २० अंशांवर असावं: बोट दाबलं तर खळगा पडेल, पण चकाकी येणार नाही. नाशिकमध्ये हे वर्षभर एकाच पद्धतीने जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर जातो, तेव्हा शहरातल्या ओट्यावरही बटर दोन तासांनी दगडासारखंच असतं. तुकडे करून, कोमट पाण्यावर धरलेल्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, वितळू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये उलट: फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटांत काम सुरू करा, नाहीतर बटर तेलकट होतं आणि बारच्या कडांना तूप सुटतं.

घरातलं बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका, बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा. घरचं लोणी चालतं, पण त्यात ताकाचं पाणी अडकलेलं असतं. थंड पाण्यात दोनदा धुऊन, तळव्याने दाबून ते काढून टाका. तूप वापरणार असाल तर ११५ नव्हे, ९० ग्रॅम घ्या आणि दूध एक मोठा चमचा वाढवा. बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, हा हिशेब त्यावरून आहे.

ब्राऊन शुगर नसेल तर ८५ ग्रॅम साखरेत एक मोठा चमचा काकवी चोळा. रंग, ओलावा, चव तिन्ही मिळतात, आणि काकवीच्या आंबटपणाने सोडाही काम करतो. मला तर बाजारच्या ब्राऊन शुगरपेक्षा हीच चव जास्त आवडते. गूळ मात्र चीजकेकच्या थरात घालू नका, दुधाचं मिश्रण फाटू शकतं.

बेदाणे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, निथळा आणि फडक्यावर पसरून पुसून कोरडे करा. कोरडेच घातले तर ते आजूबाजूच्या कुकीतलं पाणी ओढून तिला भुसभुशीत करतात, ओलेच घातले तर भोवती चिकट खळगा होतो. बियांचे काळे मनुके इथे नकोत, बी दाताखाली येते.

बटर आणि दोन्ही साखरा दोन-तीन मिनिटं फेटा. केकसारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटू नका, हवा भरली की कुकी फुगते आणि वरचा थर ढकलते. दूध, व्हॅनिला घाला. मैदा, सोडा चाळून घाला आणि उलथण्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा. शेवटी चॉकलेट आणि बेदाणे. एकूण गोळा सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातलं ४०० ग्रॅम खाली, उरलेलं वर. वरचा भाग लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

टिनला बटर पेपर लावताना दोन बाजूंनी पाच सेंमी बाहेर सोडा, नंतर त्याच्यावरच सगळं उचलायचं आहे. ४०० ग्रॅम पीठ हाताने पसरून वाटीच्या बुडाने सपाट करा. कोपऱ्यांत जाड आणि मध्ये पातळ होण्याची सवय असते, तिथे लक्ष द्या. ओव्हन १७० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवून १२ मिनिटं भाजा. वरची ओली चकाकी गेली आणि कडा जेमतेम बदामी झाल्या की बाहेर काढा. फुगली असेल तर वाटीने हलकेच दाबा. पंधरा मिनिटं निवू द्या. हे आधी भाजणं वगळू नका. कच्च्या पिठावर चीजकेक ओतलं की दोघांच्या मध्ये पिठूळ, पारदर्शक रेघ तयार होते आणि ती कितीही भाजली तरी जात नाही.

मधल्या थरासाठी क्रीम चीज घरातल्या तापमानाला आलेलं हवं. थंडीत पाकीट न फोडता कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. आधी क्रीम चीज एकटंच गुळगुळीत करा. कंडेन्स्ड मिल्क दोन वेळा घालून मिसळा, मग चक्का, मग लिंबू आणि व्हॅनिला. कॉर्नफ्लोअर दोन छोटे चमचे दुधात कालवून शेवटी. चक्का घातल्यावर बीटर बाजूला ठेवून हाताची विस्क वापरा. फेटलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, बाहेर आल्यावर बसते, आणि मधोमध खड्डा पडतो. मिश्रण कुकीवर ओतून टिन ओट्यावर तीन-चार वेळा आपटा, वर आलेले बुडबुडे टूथपिकने फोडा.

वरच्या पिठाचे गोळे करू नका. गोळा जड असतो, बुडतो आणि आतून कच्चा राहतो. चिमटीने जेमतेम एक सेंमी जाडीचे चपटे तुकडे करून वर ठेवा, मध्ये मध्ये पांढरा भाग दिसू द्या. त्या फटींतून वाफ निघून जाते.

आता ओव्हन १६० अंशांवर, मधला खण, दोन्ही रॉड चालू, पंखा बंद, ३५ ते ४० मिनिटं. छोट्या ओटीजीमध्ये वरचा रॉड जवळ असतो, म्हणून वीस मिनिटांनी तुकडे बदामी दिसायला लागले की वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका. घट्ट गुंडाळलं तर वाफ कोंडते. ओटीजीची खुंटी १६० दाखवते म्हणून आत १६० असतातच असं नाही. आत ठेवायचा थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि दोन बॅचच्या साहित्यात त्याची किंमत वसूल होते.

गरम पाण्याच्या परातीत टिन ठेवायची पद्धत उंच, गोल चीजकेकसाठी आहे. बारचा थर दोन सेंमीहूनही पातळ असतो आणि खालची कुकी त्याला आचेपासून सांभाळते. परात ठेवली तर वरची कुकी वाफेने मऊ पडते. बारीक तडे गेलेच तर ते तुकड्यांखाली लपतात.

झालं हे ओळखायचं कसं? टिन हलकेच हलवा. कडांचा दोन-तीन सेंमी भाग स्थिर आणि मधला भाग खरवसासारखा थरथरायला हवा. दुधासारखी लाट आली तर अजून पाच मिनिटं. अजिबात हललं नाही, तर जास्त झालं: प्रथिनं आवळतात, पाणी सुटतं आणि थर रवाळ होतो. सुरी खुपसून पाहू नका, ती ओलीच येते आणि त्या भोकातून तडा जातो.

अंडं घालणाऱ्यांनी कुकीतलं दूध काढून एक पिवळा बलक घालावा. चीजकेकमध्ये एक अख्खं अंडं सगळ्यात शेवटी, हाताने ढवळून, आणि कॉर्नफ्लोअर फक्त एक छोटा चमचा. वेळ ३० ते ३३ मिनिटं पुरतो, कारण कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला अंड्यापेक्षा जास्त उष्णता घेतं. प्रोबचा थर्मामीटर असेल तर मधोमध ६६ ते ६८ अंश आले की बंद करा.

वळवाच्या दिवसांत भाजताना मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. पाच-सात मिनिटांत आली तर तेवढाच वेळ पुढे वाढवा. अर्धा तास गेली आणि मधला भाग अजून पातळ असेल, तर पुन्हा तापवून पूर्ण करता येतं, पण खालची कुकी थोडी कडक होते. बिनअंड्याच्या मिश्रणात हे निभावतं. अंड्याचं मिश्रण तासभर कोमट राहिलं असेल तर ते टाकून द्यावं.

बंद केल्यावर दारात लाकडी चमचा अडकवून वीस मिनिटं आतच ठेवा. मग बाहेर तासभर. मग फ्रिजमध्ये, आणि पहिले दोन तास उघडंच. कोमट असताना झाकण घातलं की झाकणाखाली जमलेलं पाणी वर ठिबकतं, आणि इतका वेळ आवरलेलं पाणी असं वरून परत येतं. एकूण सात-आठ तास गार होऊ द्या. चार तासांत कापले तर मधला थर सुरीबरोबर ओढला जातो.

कापण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. बटर पेपर धरून सगळी लादी उचला. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात खाली न्या. करवतीसारखी चालवू नका. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. चार गुणिले चार, पाच सेंमीचे सोळा तुकडे होतात. बंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये चार दिवस चांगले राहतात. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळला तर फ्रीजरमध्ये महिनाभर. खायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, ओट्यावर नको.

जानेवारी ते मार्च दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं हाताशी असतात, तेव्हा ती बारमध्ये घालायचा मोह होतो. आत भाजू नका, द्राक्षात चार-पंचमांश पाणीच असतं. थॉमसन किंवा काळी जम्बो धुऊन, पूर्ण कोरडी करून, उभी अर्धी कापा. कापलेली बाजू पाच मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा आणि पानात वाढतानाच तुकड्यावर ठेवा.