एकटीने ट्रॅव्हलर : फासे, हप्ते आणि एक विचित्र ग्रह

टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन कथा खेळणं, एकट्याने करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : खेळ चालवणारा गेममास्टर नाही, मग पुढे काय होणार हे ठरवणार कोण? मला अंतराळातली कथा हवी होती, म्हणून मी 1977चा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ घेतला. त्याच्या पहिल्याच पुस्तिकेत एकट्याने खेळण्याचा पर्याय दिलेला आहे, आणि सहा बाजूंच्या साध्या फाशांवर भागतं.

सुरुवात पात्रापासून. वय 18, मग नोकरीच्या दर चार वर्षांच्या टप्प्याला ‘वाचला का?’ म्हणून दान टाकायचं. मूळ नियमांत ते चुकलं की पात्र मेलं, खेळ सुरू होण्याआधीच! स्काउट खात्यात दोन फाशांवर 7 किंवा जास्त लागतात, त्यामुळे माझी स्काउट मंडळी वहीच्या समासातच संपली. पुष्कळ जण हा नियम सौम्य करून घेतात, मी नाही केला. अखेर मालवाहू जहाजांवर उमेदीची वर्षं घालवलेली एक बाई टिकली. निवृत्तीला तिला 200 टनी जहाज मिळालं, आणि सोबत 480 महिन्यांचं कर्ज. एकट्याच्या खेळात असं कर्ज हवंच. गेममास्टर नसला तरी महिनाअखेर येतेच, आणि कुठेतरी माल न्यावाच लागतो.

मग नकाशा. 8 बाय 10 षटकोन, प्रत्येकावर एक फासा. 4, 5 किंवा 6 पडले तर तिथे ग्रह. पुढे बंदर, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या वगैरे सगळं फाशांनीच. बरेचसे ग्रह यथातथा निघाले. एक मात्र असा : व्यास सुमारे 3200 किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही लहान, हवा नाही, पाणी नाही, लोकसंख्या शंभर कोटींच्या वर. आणि बंदर ‘ई’ दर्जाचं, म्हणजे उतरायला नुसता खडक. ना इंधन, ना दुरुस्ती. पुन्हा फासे टाकायला हात शिवशिवले. पण एकट्याच्या खेळात आपल्याला चकवणारं दुसरं कोणी नसतं, ते काम अशा विसंगतीच करतात. म्हणून आकडे तसेच ठेवले आणि कारण शोधायला बसले.

इथे कौल लावायचा. हो-नाहीचा प्रश्न, शक्यता आधी लिहून ठेवायची, मगच फासा. उत्तर स्वच्छ दिसत असेल तर विचारूच नये. लोक जमिनीखाली राहतात हे मी सरळ ठरवून टाकलं. ‘अन्न बाहेरून येतं का?’ बहुधा हो, असं लिहिलं होतं. आलं ‘नाही’. मग एवढ्या लोकांना बंदर नकोच असेल? ‘बंदर मुद्दाम मोडलंय का?’ आलं ‘हो, पण’, म्हणजे हो, तरी त्यात काहीतरी मेख. या ‘पण’वर मी बराच वेळ अडले, आणि लिहिलं : मोडणारे तिथलेच होते, आणि त्यांच्यातल्या काहींना आता बाहेर पडायचंय. हे मला आधी सुचलं नसतं.

नोंदी मी कप्तानाच्या रोजनिशीसारख्या, दोन-चार ओळींत ठेवते. कादंबरी लिहायला लागलं की फासे बाजूला पडतात आणि सगळं आपल्या मनासारखं घडायला लागतं.

माणसं चोरून बाहेर काढायची तर हप्त्याच्या तारखा पाळणं शक्य नव्हतं, म्हणून बाईने हप्ते थांबवले. ट्रॅव्हलरमध्ये बातमी, हप्ते थकल्याचीसुद्धा, जहाजाच्या वेगानेच जाते, आणि एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडची उडी लहान असो की मोठी, आठवडा लागतोच. तिचं जहाज एका उडीत एक पार्सेक, म्हणजे नकाशावरचा एक षटकोन, जातं. टपालजहाज दोन गेलं तर तिच्या आधी पोहोचतं. त्यामुळे आता प्रत्येक बंदरावर उतरताना माझा कौल एकच असतो : टपाल येऊन गेलं का? शक्यता मी नकाशावर षटकोन मोजून ठरवते. परवा ‘नाही’ आलं, पण पुढचं बंदर सर्वांत वरच्या ‘ए’ दर्जाचं, गजबजलेलं आहे, आणि जहाजात इंधन तेवढ्याच एका उडीपुरतं.