आमची वाटचाल: पथ्याचा डबा, मोजून आणि वेळेवर

मधुमेहाचं निदान झालं की हातात एक कागद पडतो. एका बाजूला ‘हे खा’, दुसऱ्या बाजूला ‘हे टाळा’. मी आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीत होते तेव्हा असे तक्ते रोज लिहून देत असे. तीन महिन्यांनी तीच माणसं परत यायची. तक्ता घडी घालून पाकिटात नीट जपलेला असायचा आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, जिथल्या तिथे. विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, “ताई, कळतं हो सगळं, पण रोज मोजत कोण बसणार?” प्रश्न अगदी रास्त होता. ‘एक वाटी’ असं लिहिणं सोपं असतं. ती वाटी केवढी, काठोकाठ की शिगोशीग, हे कागद सांगत नाही. हे मोजायचं काम आपणच करून द्यावं, एवढ्या एका विचारावर आमचा पथ्याच्या डब्यांचा व्यवसाय उभा राहिला.

सुरुवात घरच्याच स्वयंपाकघरात झाली, ओळखीच्या मोजक्या मंडळींसाठी. जोडीला माझी नणंद होती. खानावळ चालवण्याचा तिला दांडगा अनुभव, आणि मीठ-तेल कमी करूनही पदार्थाला चव आणणारा हात. पहिली खरेदी वजनकाट्याची. पुढे जागा भाड्याने घेतली, माणसं वाढली, परवाने झाले. हे सगळं कुठल्याही खाद्यव्यवसायात होतं तसंच झालं. आमचं खरं शिक्षण त्या काट्यावर झालं.

भाताचंच घ्या. एक किलो कच्च्या तांदळात साधारण ७८० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे पचल्यावर ज्याची रक्तात साखर होते तो भाग. तो शिजून पातेल्यातल्या भाताचं वजन २ किलो ६०० ग्रॅम भरलं, तर १०० ग्रॅम भातात ३० ग्रॅम कर्बोदकं आली. दुसऱ्या दिवशी पाणी जरा जास्त पडलं आणि भात ३ किलो झाला, की १०० ग्रॅममध्ये २६ ग्रॅमच उरली. म्हणजे एका जेवणात ४५ ग्रॅम कर्बोदकं द्यायची असतील तर पहिल्या दिवशी १५० ग्रॅम भात वाढायचा आणि दुसऱ्या दिवशी जवळपास १७५ ग्रॅम. ताटात पाहून हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक पातेलं आधी रिकामं आणि मग शिजल्यावर भरलेलं तोललं जातं, आणि त्या दिवसाचा आकडा फळ्यावर लिहिल्याशिवाय वाढप सुरू होत नाही. नव्या मुलीला कामावर घेतलं की पहिले काही दिवस तिला हेच शिकवते. फोडणी नंतर.

बाकी ताटाची मांडणी जगभर सांगतात तीच आहे. साधारण २३ सेंटिमीटरचं ताट घ्यायचं. अर्ध्यात भाज्या, पाव भागात डाळ, अंडं, मासे, पनीर असं प्रथिनांचं काहीतरी, आणि उरलेल्या पाव भागात धान्य. बटाटा, मका, रताळं यांना आम्ही भाजीच्या अर्ध्यात जागा देत नाही, ती धान्याच्या वाट्यातून कापली जाते. यावरून सुरुवातीला बरेच लोक नाराज व्हायचे. बटाटा मिळतो, फक्त त्या दिवशी भात कमी होतो, हे एकदा पटलं की कुरबुर थांबते.

ग्लायसेमिक इंडेक्सबद्दलही खूप विचारणा होते. १९८१ मध्ये टोरांटोत डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली, आणि ती उपयोगाची आहेच. पण हा आकडा पदार्थातली कर्बोदकं किती वेगाने रक्तात उतरतात ते सांगतो. तुम्ही पदार्थ किती खाल्ला ते त्यात येत नाही. कलिंगडाचा इंडेक्स चांगलाच वर असतो, तरी १०० ग्रॅम फोडींमध्ये कर्बोदकं जेमतेम ८ ग्रॅम. उलट इंडेक्स कमी आहे म्हणून कुणी दुप्पट खाल्लं तर शुगर वाढणारच. आम्ही आधी माप बघतो, मग इंडेक्स.

वाटचालीतला सगळ्यात मोठा बदल मात्र पाककृतींमधून आला नाही, तो औषधांच्या यादीमुळे आला. नाव नोंदवताना आम्ही प्रत्येकाची औषधं लिहून घेतो. काहींना ते खटकतं. “डबा हवाय, गोळ्या कशाला विचारता?” कारण सांगते. जेवणाआधीचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेल्या माणसाचं जेवण लांबलं, तर शुगर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्याला हा धोका फार कमी असतो. त्यामुळे आमच्या डब्यांची वाट पत्त्यांच्या सोयीने ठरत नाही. इन्सुलिनवाले आधी, बाकीचे नंतर. पाऊस, गाडी बंद, काहीही होवो, उशीर होणार असं दिसलं की पहिला फोन त्यांनाच जातो: “काका, इंजेक्शन घ्यायचं थांबा, डबा हातात आला की घ्या.”

डबा पोचवणाऱ्या मुलांनाही शुगर उतरल्याची लक्षणं शिकवली आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच मंदावते. त्यांना ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका बोलवायची.

टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही असा प्रकार, असलेल्या मुलांच्या आया आल्या तेव्हा आमच्यावरची जबाबदारी वाढली. ही मंडळी कर्बोदकं मोजून इन्सुलिनचा डोस ठरवतात. समजा एखाद्याला १० ग्रॅमला एक युनिट लागतं. डब्यावर ४५ लिहिलं आणि आत ६० निघाले, तर दीड युनिट कमी पडलं. झाकणावरचा आकडा असा थेट सुईत जातो. शिवाय मूल अर्धाच डबा खाऊन उठलं तर काय? तेव्हापासून भात आम्ही दोन सारख्या छोट्या डब्यांत भरतो, प्रत्येकी साडेबावीस ग्रॅम कर्बोदकांचा. एक डबा न उघडता परत आला तर आईला हिशेब कळतो. ही सोय मला आमच्या कुठल्याही पदार्थापेक्षा मोलाची वाटते.

वयस्कर ग्राहकांचा प्रश्न दातांचा. कवळी असलेल्या आजींना मऊ हवं असतं, आणि धान्य जितकं मऊ, जितकं बारीक दळलेलं, तितकी त्यातली साखर लवकर वर जाते. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. चावता येत नसेल तर माणूस उपाशी राहील. त्यांच्यासाठी आम्ही भाज्या मऊ शिजवतो, डाळ घट्ट ठेवतो, आणि डब्यावर चिठ्ठी लावतो: आधी भाजी, मग डाळ, शेवटी भात. जेवणाचा क्रम असा ठेवला की जेवणानंतरची शुगरची उसळी कमी होते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. फायबर वाढवतानाही घाई करत नाही. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि माणूस डबाच बंद करतो.

मध्यंतरी भागीदारीचा एक प्रस्ताव आला होता. पैसे चांगले मिळणार होते, अट एकच: जाहिरातीत ‘औषधाविना शुगर उतरवणारा डबा’ असं लिहायचं. आम्ही नकार दिला. असं वाचून कुणी इन्सुलिन सोडलं तर ते जिवावर बेतू शकतं. ‘शुगरफ्री’ बिस्किटंही आम्ही ठेवत नाही. त्यांत साखर नसली तरी मैदा असतो, आणि माणूस निर्धास्तपणे दोनाची सहा खातो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय डबा देत नाही. इतरांना जी डाळ आणि हिरवी भाजी आम्ही आग्रहाने वाढतो, तिच्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस त्यांच्यापैकी काहींना झेपत नाही. मिठाऐवजी मिळणाऱ्या पर्यायी मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं.

ग्राहक आम्हाला जेवणाआधीचे आणि दोन तासांनंतरचे आकडे पाठवतात. अनेकांना डॉक्टरांनी दोन तासांनी १८० च्या आत राहायला सांगितलेलं असतं. एकच ताट, एकच वजन, तरी एकाची शुगर १५० वर थांबते आणि दुसऱ्याची २१० वर जाते. मग दुसऱ्याच्या भातातून १५ ग्रॅम कर्बोदकं काढून सकाळच्या वेळेत टाकून बघतो, जेवणानंतर थोडं चालायला सांगतो, आकडे डॉक्टरांना दाखवायला लावतो. औषधात बदल सुचवणं आमचं काम नाही, ते आम्ही करत नाही.

सध्या आमचं लक्ष रात्रपाळी करणाऱ्यांवर आहे. त्यांची न्याहारी संध्याकाळी, मोठं जेवण मध्यरात्री, आणि गोळीच्या पाकिटावर मात्र ‘सकाळी’ लिहिलेलं. त्यांच्या नोंदणीत आता पाळीची वेळ, झोपेची वेळ आणि डॉक्टरांनी त्या पाळीसाठी सांगितलेली औषधाची वेळ असे तीन वेगळे रकाने केले आहेत. मध्यरात्रीचा डबा गरम कसा राहील यावर नणंदेचे प्रयोग चालू आहेत. अन्न ६० अंशांच्या वर टिकलं पाहिजे, तोवर ती कुठलाच डबा पास करणार नाही.