१६ टनांचा पूल

महिन्यातून एकदा आईला तपासणीसाठी परळच्या रुग्णालयात न्यावे लागते. आमचे घर प्रभादेवीला, म्हणजे रुळांच्या अलीकडे, आणि रुग्णालय पलीकडे. मध्ये पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरून जाणारा एल्फिन्स्टनचा पूल होता. शंभरी उलटलेला तो पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वाहतुकीसाठी बंद झाला. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी तेथे दुमजली पूल उभारायचा आहे, म्हणजे अटल सेतूकडून आलेली वाहने वरून जातील आणि आपण परळकर-प्रभादेवीकर खालून. बेत चांगला आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पायी जाणाऱ्यांसाठी स्थानकांचे पादचारी पूल आहेतच, पण आईच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, त्यामुळे आमचा प्रश्न बसचाच होता.

पूल बंद झाल्यानंतरच्या पहिल्या खेपेस थांब्यावर मार्गबदलाचा एक कागद चिकटवलेला दिसला. पावसाने त्याची शाई फुटली होती आणि त्यातला ‘मार्गे’ एवढा एकच शब्द धड वाचता येत होता. वाहकाने आईला हात देऊन वर घेतले आणि सांगितले, “आजी, गाडी आता टिळक पुलावरून फिरून जाते. बसा, पण घाई असेल तर नका बसू.” आम्ही बसलो. पूर्वी दहा मिनिटांत संपणारा प्रवास त्या दिवशी पाऊण तासाचा झाला. दादरचा टिळक पूल १९२५ चा आहे हे मी आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे एका म्हाताऱ्याच्या पाठीवरचे ओझे दुसऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीवर!”

तिच्या या बोलण्यामुळे मला दक्षिणेकडच्या दुसऱ्या पर्यायाची, करी रोडच्या पुलाची, आठवण झाली. दर वर्षी गणेशोत्सवापूर्वी महानगरपालिका रेल्वेवरील धोकादायक पुलांची यादी देते. या पुलांवर मिरवणूक रेंगाळू देऊ नये, नाचू नये, ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत असे त्यात सांगितलेले असते. आणि करी रोड व चिंचपोकळी या पुलांच्या बाबतीत आणखी एक वाक्य असते की, एका वेळी १६ टनांपेक्षा अधिक वजन पुलावर येणार नाही याची काळजी घ्यावी. लालबाग-परळमधल्या माणसाला हा आकडा पाठ असतो. माणशी ६५ किलो धरले तर १६ टन म्हणजे जेमतेम २४५ माणसे, आणि त्यात गणपतीची मूर्ती व तिची गाडी धरलेली नाही. एरवी ढोल-ताशाच्या गजरात इंच-इंच सरकणारी मिरवणूक पुलाशी आल्यावर एकदम गप्प होते आणि झपझप चालू लागते, ते दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो आहे. शेकडो पाय एका ठेक्यात पडले की त्यांचा भार उभ्या गर्दीच्या भारापेक्षा कितीतरी जास्त होतो, म्हणून नाचण्याची मनाई.

२०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली आणि सहाच दिवसांनी एल्फिन्स्टनची वाहतूक ज्या पुलांकडे वळवली, त्यांत टिळक पुलाबरोबर करी रोड आणि चिंचपोकळी हे दोन्ही होते. आता १६ टनांत रोजची वाहतूक किती बसते ते पाहू. बारा मीटर लांबीची साधी बस रिकामी असताना दहा टनांच्या आसपास भरते. तीत साठ प्रवासी बसले-उभे राहिले की सुमारे चार टनांची भर पडते, म्हणजे एका बसमध्ये पुलाची मर्यादा जवळपास संपते. याउलट तेवढ्याच वजनात डझनभर मोटारी बसतात आणि त्यांत माणसे मोजली तर वीस-पंचवीस निघतात. बसच्या मागच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाके जोडणाऱ्या आसाचा, भार एका जागी एकवटतो आणि मोटारींचा पसरतो, त्यामुळे अभियंत्याच्या दृष्टीने बसच जड, हे मला मान्य आहे. परंतु निर्बंध आला की सर्वांत आधी साठ माणसांचे वाहन वळवले जाते, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

शिवाय वजन डोळ्यांना दिसत नाही. पुलाच्या तोंडाशी वजनकाटा बसवता येत नाही, म्हणून उंची अडवणारी लोखंडी कमान लावतात. तिच्याखालून सळयांनी खच्चून भरलेला बुटका टेम्पो सुखेनैव जातो आणि रिकामी बस अडते. त्यातच जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची कमाल वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. रस्त्यावरचे वाहन असे कायद्यानेच जड झाले. अवजड वाहने रोखून पूल किती काळ चालवतात, याचा नमुना म्हणून मशीद बंदरजवळचा १८६८ चा कर्नाक पूल सांगता येईल. तेथे २०१४ पासून बंदी होती आणि पूल पाडला तो २०२२ च्या नोव्हेंबरात.

ज्या ओझ्याचा कोणी विचारच करीत नाही, ते डांबराचे. तीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पुलावर पाच सेंटिमीटरचा एक थर चढवला की सुमारे ३५ टन वजन कायमचे वाढते. जुना थर न खरवडता नवा चढवला, असे दोन-तीनदा झाले, की कोणतीही बस न येता पूल भारावलेला असतो.

करी रोडच्या अरुंद पुलावर सध्या सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत पूर्वेच्या भारतमाता चौकाकडून पश्चिमेच्या शिंगटे मास्तर चौकाकडे आणि तीननंतर उलट दिशेने वाहने सोडतात. त्यामुळे आमचेही वेळापत्रक ठरून गेले आहे: जाताना टिळक पुलावरून बस, येताना तीनच्या आत करी रोडवरून टॅक्सी. गेल्या खेपेस औषधांच्या रांगेत वेळ गेला आणि भारतमातापाशी पोहोचलो तेव्हा तीनला चार मिनिटे कमी होती. हवालदार अडथळ्याला हात लावून उभाच होता. आईकडे पाहून त्याने तो थोडा मागे ओढला; टॅक्सीवाल्याने गाडी पुढे घेतली, आणि आम्ही पुलाच्या मध्यावर असताना खालून गेलेल्या लोकलची थरथर थेट आसनापर्यंत आली.