करकंडाची गाठ, तेर ते धाराशिव लेणी आणि ओघळीतले दोन तास

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, धाराशिवच्या लेण्यांतून तुळजापूरला निघणारं भुयार नाहीये. आम्हाला ते स्टँडवर एकाने सांगितलं, रिक्षात एकाने सांगितलं आणि तिसऱ्याने तर दाखवतो म्हणून माणशी दोनशे घेतले. आम्ही तिघं, म्हणजे सहाशे गेले. एका अंधाऱ्या खोलीच्या तोंडाशी नेऊन म्हणाला, इथून पुढं बुजवलंय. मी आत जाऊन टॉर्च मारून मागच्या भिंतीला हात लावून आलो. अखंड कातळ आहे, छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात, बुजवलेलं कायबी नाही. त्या भिक्षूंच्या राहायच्या खोल्या आहेत. कुणी भुयाराचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

आता गेलो कशासाठी ते. आमच्यातला एकजण शिक्षक आहे, त्याला खाणींवरच्या कवितांचं वेड. इंग्लंडात कॉर्नवॉलला कथिलाच्या खाणी होत्या, तिथले कामगार म्हणायचे की कातळाच्या आतून कुणीतरी टकटक करतं, त्यांना ते नॉकर म्हणत आणि आपल्या जेवणातला तुकडा त्यांच्यासाठी ठेवत. हे ऐकून मला आमच्याकडच्या विहिरी आठवल्या. माझ्या वडलांची उमर विहिरीवर गेली. आधी हातानं, मग क्रेनवर. सुरुंग भरायच्या आधी नारळ फुटल्याशिवाय कुणी खाली उतरत नसे, आणि पाणाड्या, म्हणजे पाणी कुठं लागेल ते सांगणारा, तळहातावर नारळ घेऊन वावरात फिरायचा तेव्हा अख्खं गाव श्वास धरून बघायचं. मी म्हणलं, आपल्या मातीत जमिनीखालचं काव्य असणारच. शिक्षकाने शोधलं आणि सापडलं ते थेट आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं निघालं.

काव्याचं नाव करकंडचरिउ. कनकामर नावाच्या जैन मुनीने अपभ्रंश नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेलं, साधारण हजार वर्षांपूर्वीचं, दहा संधींचं, म्हणजे दहा सर्गांचं. हिरालाल जैन यांनी संपादन करून ते 1934 साली कारंज्याहून छापलं. त्यात करकंड राजा तेरापूरला येतो, म्हणजे आपलं तेर. तिथं त्याला कळतं की डोंगरात एक जुनं लेणं आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला एक वारूळ, आणि एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणतो तर पार्श्वनाथ या जैन तीर्थंकरांची मूर्ती निघते. मग खाली लेण्यात त्याला सिंहासनावर एक गाठ दिसते, दगडाची, उगाच वर आलेली. म्हातारा शिल्पी सांगतो की हे कोरताना इथं पाण्याची शीर लागली होती, ती बंद करायला ही गाठ ठेवलीय, हात लावू नका. राजा ऐकत नाही. गाठ फोडतात, पाणी उसळतं, लेणं भरून जातं. पुढं तो पस्तावतो आणि नवीन लेणी कोरून घेतो.

हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरं सांगतो. कारण मी सातवीत असताना आमच्या विहिरीत असंच झालं होतं. अडतीस फुटापर्यंत काळा पाषाण, कोरडा ठाक, आणि मग गेरूचा पट्टा लागला. पहारीचा एक घाव आणि पाणी असं आलं की टिकाव, घमेली, एक नवी पहार सगळं तळाशीच राहिलं, माणसं तेवढी वर ओढली. आपल्याकडचा दगड म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, आणि दोन थरांच्या मधल्या झिजलेल्या पट्ट्यात पाणी चालतं. कवीला दख्खनच्या दगडाची ही खोड माहीत होती. त्या म्हाताऱ्या शिल्प्याचं बोलणं ज्याने लिहिलं त्याने कधीतरी छिन्नीवाल्यांजवळ बसून ऐकलेलं असणार, असं माझं ठाम मत आहे.

पहिला दिवस तेरला. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, गोरोबाकाकांची समाधी, लामतुरे म्युझियम, सगळं निवांत झालं, लोक चांगले, जेवण चांगलं. त्यात जास्त सांगण्यासारखं नाही. फक्त म्युझियम चुकवू नका, हेच ते तगर नावाचं जुनं व्यापारी शहर, जिथला माल जुन्या काळी रोमपर्यंत जायचा, आणि ते बघितल्यावर राजाला तेरापूरची वाट का धरावी वाटली हे कळतं.

दुसऱ्या दिवशी वाट लागली. लेणी धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटर, बालाघाटच्या डोंगरात. रिक्षावाला आठशे म्हणला, सहाशेवर आला, आणि नेऊन सोडलं कुठं तर अलीकडच्या एका वळणावर. पुढं गाडी जात नाही, ही ओघळ धरा, दहा मिनिटात लेणी, असं म्हणून तो निघून गेला. परत येताना बघितलं तर गाडी चांगली पुढपर्यंत येत होती. म्हणून ठरवताना नीट बोला की लेण्यांच्या वाटेपर्यंत सोडायचं, तिथं थांबायचं आणि परत आणायचं, आणि पैसे परत आल्यावर. आधी एक रुपया देऊ नका.

ती ओघळ. दहा मिनिटं म्हणलेली, आम्हाला दोन तास लागले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पाऊस नुकताच उघडलेला, दगडावर हिरवं शेवाळ आणि वरून घाणेरीची जाळी इतकी दाट की पाय कुठं टाकतोय दिसत नव्हतं. मधे एक दीड पुरुष उंचीची घसरण आहे, तिथं धरायला फक्त निवडुंग. शिक्षक तिथंच घसरला, कोपर सोलून निघालं, मोबाइल गेला. मी त्याला ओढताना माझ्या डोक्यावर कपारीत आग्यामोहोळ होतं हे मला वर आल्यावर दिसलं, आणि तेव्हा पाय जे कापायला लागले ते अर्धा तास थांबले नाहीत. पोळं उठलं असतं तर त्या घळीतून पळायला जागाच नाही. शेवटी शेळ्या राखणारे एक तात्या वरून ओरडले, "आरं तिकडून कुठं, मागं फिरा, हिकडं पायवाट हाय की!" त्यांनी नेलं, पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. त्या ओघळीत कुणीही उतरू नये. तुम्ही कितीही गड चढलेले असा, पावसाळ्यानंतर तर नाहीच नाही.

आणि मग लेणी. एवढं झाल्यावर माझी चिडचिड चालू होती, पण मोठ्या लेण्यात पाऊल टाकलं आणि सगळं उतरलं. ऐंशी बाय ऐंशी फुटांचा मंडप, खांब, कडेनं खोल्या, गाभाऱ्यात पद्मासनातली मूर्ती. ही लेणी मुळात बौद्ध की जैन यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे, त्यात मी पडत नाही. मी खाली बघत होतो. जमीन ओली होती. छताला कुठं गळती दिसेना, ओल भिंतीच्या बुडातून येत होती. मी ओल्या दगडावर हात ठेवून बसलो आणि मोबाइल गेला होता म्हणून शिक्षकाने आधीच कागदावर उतरवलेला तो भाग मोठ्यानं वाचला, शिल्पी नको म्हणतो तिथपासून पाणी भरेपर्यंत. आवाज मंडपात फिरून परत येतो. वटवाघळं उठली, मग बसली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. हे काव्य घरी वाचून अर्धंच कळतं, इथं येऊनच वाचा.

जाणाऱ्यांनी टॉर्च वेगळी न्या, मोबाइलच्या उजेडात मागच्या खोल्या दिसत नाहीत. सेंट, अत्तर लावू नका आणि धूर करू नका, मोहोळाचं सांगितलंच. पाणी दोन लिटर माणशी. सकाळी आठच्या आत पोचा. आणि आधी तेर, मग लेणी, उलटं करू नका, कारण काव्यात राजाही तेरापूरवरूनच डोंगराकडं जातो. कुणाला वेळ असेल तर परतीला अंबाजोगाईचा हत्तीखाना, म्हणजे दगडात कोरलेल्या हत्तींचं लेणं, करा. योगेश्वरी आणि परळीच्या वैजनाथाच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, त्यातलेच हे हत्ती, अशी तिथली गोष्ट आहे. आम्ही थकलेलो होतो, धड बघितलं नाही, त्यामुळं त्यावर जास्त लिहीत नाही.

घरी आल्यावर दादांना, म्हणजे वडलांना, गाठीची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली, राजाबद्दल काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "किती फुटावर लागलं होतं पाणी?" काव्यात ते नाही म्हणलं तर म्हणाले की ओल भिंतीत किती उंचीपर्यंत चढलीय ते बघायचं होतंस, त्यावरून सांगितलं असतं. दिवाळीनंतर त्यांना घेऊन परत जातोय, गाडीनं, पुढच्या रस्त्यानं.